‘व्हा पुढे, मी आलोच’: चंबळच्या घळीत तुटलेला एक गट

काका आणि वहिनी सापडले तेव्हा वर पठारावर थांबलेले आमचे चौघे त्यांच्यापासून सरळ रेषेत १९० मीटरवर होते. हे नंतर फोनवरच्या नकाशात मोजलं. ग्वाल्हेरच्या महाराज बाडा चौकाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यातल्या माणसाला हाक मारावी, एवढंसं अंतर. दोन तास दोन्हीकडचे लोक घसा फोडून ओरडत होते आणि एकाचाही आवाज दुसऱ्याला उमगला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. आम्ही आठ जण, सगळे ग्वाल्हेरचे, बहुतेक तिथल्या लश्कर भागात राहणारे. जागा भिंड जिल्ह्यातली, अटेरच्या पश्चिमेला, चंबळच्या उजव्या काठचं बीहड, म्हणजे घळींनी चिरलेला मुलूख. तीन दिवस, रुळलेली वाट सोडून, सामान पाठीवर घेऊन घळीघळींतून चालायचं आणि अटेरच्या किल्ल्यापाशी बाहेर पडायचं, असा बेत. लीडर मी होते. आमच्या मंडळात आता या प्रसंगाला ‘काका हरवले तो दिवस’ म्हणतात. मला ते पटत नाही. काकांना आम्ही मागे टाकून गेलो होतो, आणि ते इतक्या सभ्यपणे की त्या क्षणी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. म्हणून हे प्रकरण वेळांसकट लिहून ठेवते आहे.

जागा

चंबळ म्हटलं की लोक लगेच बागी, म्हणजे डाकू, आणि बंदुकांवर येतात. ते खोटं नाही. १९६० च्या मे महिन्यात विनोबा याच मुलखातून पायी फिरले आणि वीस बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांसमोर त्याहून मोठं आत्मसमर्पण झालं. आता गावात बसलं की मोहरीचा भाव आणि पोरांची सैन्यभरती हेच विषय असतात. पण माणसं इथे वर्षानुवर्षं लपून कशी राहू शकत, ते मात्र घळीत उतरल्याशिवाय कळत नाही.

मी भूगोल शिकवते, तेव्हा थोडं सहन करा. इथे खडक नाही. सगळी जमीन नदीने आणून टाकलेल्या गाळाची. पावसाचं पाणी सपाट शेतावरून कडेला येतं, एखाद्या भेगेत शिरतं, आतल्या आत बोगदा कोरतं. मग बोगद्याचं छत बसतं आणि ओघळ उघडी पडते. तिचं तोंड दर पावसाळ्यात शेताकडे मागे सरकत जातं. म्हणजे घळ नदीपाशी सुरू होते आणि वरच्या बाजूला वाढते, झाडाला फांद्या फुटाव्यात तशी. इथले लोक तिला भरका म्हणतात. खोली कुठे पुरुषभर, कुठे नऊ-दहा मजल्यांएवढी. विलायती बाभूळ सगळीकडे. बीहड रोखायला १९८० च्या दशकात हवेतून बी टाकलं होतं, त्याची ही कृपा. तिचा काटा बुटाच्या तळातून सरळ आत येतो.

या रचनेचा अर्थ असा की घळीतून उतरताना चुकणं अवघड. सगळ्या ओघळी एकमेकींना मिळत जातात आणि शेवटी नदी येते. चढताना उलटं. दर शंभर-दोनशे पावलांवर फाटा, दोन्ही तोंडं सारखी, दोन्हीकडे तीच पिवळी माती. चार फाट्यांनंतर सोळा शक्यता होतात, आणि त्यातल्या बहुतेक शेवटी उभ्या भिंतीपाशी संपतात. पहिल्या दिवशी आमच्याबरोबर गावातले एक दद्दा आले होते. परत फिरताना ते म्हणाले, “धार के संग उतरियो तौ नदी मिल जैहै. उल्टे चढ़े तौ भगवान मालिक.” आम्ही हसलो. आठ जणांपैकी ते वाक्य नीट लक्षात ठेवलं एकीनेच.

नदीच्या काठाकाठाने का गेला नाहीत, असं बरेच जण विचारतात. काठ राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो, १९७८ पासून. वाळूच्या पट्ट्यांवर घडियाल थंडीत ऊन खात पडलेली असतात आणि मगरीही असतात. परवानगी आम्ही एका ठरावीक जागेपुरती घेतली होती. बाकी वाट नदीला समांतर, आतून. त्यामुळे प्रत्येक घळ आडवी येणार. रोज तीन-चारदा उतरायचं आणि तितक्याच वेळा चढायचं, म्हणजे नेमकं तेच जे दद्दा करू नका म्हणत होते.

गट, आणि अमेरिकेतून आलेली शिस्त

काका अडुसष्ट वर्षांचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, चंबळच्या कालव्यांवर अर्धी नोकरी गेलेली. हा भाग त्यांना पाठ आहे, असं ते म्हणत आणि आम्ही मानत होतो. त्यांची ओळख जीपमधून आणि कालव्याच्या बांधावरून झालेली, हे कुणी मनावर घेतलं नाही. त्यांचा सख्खा पुतण्या एकोणतीस वर्षांचा, सॉल्ट लेक सिटीत शिकून नुकताच परतलेला. डॉक्टर आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी. डॉक्टर दातांचे, पण डोंगरात पायाची जबाबदारीही त्यांच्याकडेच येते. इंजिनिअरिंगची दोन पोरं, एक दांडगा आणि एक किरकोळ. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई. आणि मी.

हा सगळा उद्योग पुतण्याच्या बोलण्यातून सुरू झाला. तो मित्रांबरोबर युटाहमधल्या एस्कलांटे नदीच्या घळींत आठ-आठ दिवस हिंडलेला होता. तिथे लाल-पांढरा वालुकाश्म, वाट नाही, गाव नाही, पाणी खडकातल्या खळग्यांत साचलेलं. तिथल्या पद्धती त्याने आम्हाला शिकवल्या आणि त्यातल्या बऱ्याच खरोखर चांगल्या होत्या. गट लहान ठेवायचा. एस्कलांटेत बारापेक्षा जास्त माणसांना एकत्र जाऊ देत नाहीत, शेजारच्या पारिया घळीत मुक्कामाच्या गटाला दहाची मर्यादा आहे. पाण्याचा हिशेब माणशी, रोजचा, मोजून. तिथे एक गॅलन धरतात, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. आम्ही थंडी म्हणून तीन लिटर धरले. तिथल्या काळ्या, खरबरीत मातीच्या थरावर पाय ठेवायचा नाही, कारण तो जिवंत असतो आणि मोडला की सावरायला पुष्कळ वर्षं लागतात. पावसाची दहशत तर कायमची. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अॅरिझोनातल्या अँटिलोप घळीत लांबवर झालेल्या पावसाचा लोंढा येऊन अकरा जण गेले, आणि घळीवरचं आभाळ त्या वेळी जवळपास कोरडं होतं. त्याने हे सांगितल्यावर मी रोज संध्याकाळी मावठाचा अंदाज बघायला लागले.

तिथे तो उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र बाळगत असे. आपल्याकडे परवान्याशिवाय तसलं यंत्र जवळ ठेवणं गुन्हा आहे, त्यामुळे ते आणलंच नाही. त्याच्याऐवजी आठ शिट्ट्या आणल्या. तीन फुंकरा म्हणजे मदत हवी. हे त्याने निघायच्या सकाळी सांगितलं, तेव्हा काका सॅकचा पट्टा शिवत होते.

त्याच्या शिकवणीत एक गोम होती आणि ती मला ओळखता यायला हवी होती, भूगोल माझा विषय आहे. तिकडची घळ खडकात कोरलेली. बकस्किन गल्चसारखी घळ पंचवीसेक किलोमीटर जवळजवळ एकसंध जाते, काही ठिकाणी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागतील इतकी अरुंद. तिथे चुकायला वाव नाही आणि सुटायलाही नाही. इकडे सुटायला जागोजाग वाटा आणि त्याच चुकायच्याही. तिकडच्या खडकावर बूट चिकटतो, इकडची कड हाताने कुस्करली जाते. तिकडे फाट्यावर दगडांची ढिगुली रचून खूण ठेवतात. इकडे दगडच नाही. कंकर मिळतात, सुपारीएवढे.

दुसरा दिवस

सकाळी धुकं होतं, त्यामुळे सातऐवजी पावणेआठला निघालो. गावाच्या हातपंपावर सगळ्यांनी बाटल्या भरल्या. दुपारपर्यंत दोन घळी ओलांडल्या. सरळ रेषेत एक किलोमीटर जायला दीड तास लागत होता. कागदावर मी तासाचं गणित धरलं होतं. एक वाजता आम्ही बरेच मागे होतो, आणि सूर्य सहाला मावळणार होता. हे उशिराचं ओझं माझ्या डोक्यावर होतं, इतरांच्या नाही. पुढचं समजायला एवढं पुरे.

दीड वाजता एका मोठ्या घळीच्या तळाशी, दोन ओघळी मिळतात त्या तिठ्यावर जेवलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मुरैन्याची गजक. तिथून एका ओघळीने पठारावर चढायचं, पलीकडच्या घळीत उतरायचं आणि मुक्काम. वहिनींचा गुडघा कुरकुरत होता. पुतण्या म्हणाला, “द्या वहिनी, तुमची सॅक मी घेतो.” त्या नको नको म्हणाल्या, त्याने घेतलीच. आपली सॅक पाठीवर, त्यांची पोटावर. वहिनींनी जेवणाचा स्टीलचा डबा तेवढा कापडी पिशवीत घालून स्वतःकडे ठेवला, कारण तो तेलकट होता आणि त्यांना सॅकेत नको होता.

पावणेदोनला उठलो आणि काकांच्या पायात काटा गेला. ते बसले, बूट काढायला लागले आणि म्हणाले, “व्हा पुढे, मी आलोच.”

शेवटी चालायचं काम दांडग्या पोराकडे होतं. नियम असा की त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. त्याने विचारलं, “काका, थांबू?” काका म्हणाले, “अरे जा रे, मला काय धाड भरलीय?” पोराने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि त्याला म्हटलं, चल. वहिनी म्हणाल्या, मी थांबते, काकांना एकटं कशाला. हे ऐकून मला बरंच वाटलं. दोघं आहेत, येतील.

साधारण दोनशे पावलांवर पहिला फाटा आला. आम्ही उजवीकडे वळलो. पुतण्याने सवयीने खाली दगड शोधले, मिळाले नाहीत, मग काठीने मातीत हातभर लांब बाण काढला. ही माती पिठासारखी असते. बाण झकास उठला. दोन पस्तीसला आम्ही सहा जण वर पोचलो.

तीन वाजेपर्यंत कुणी आलं नाही.

वर

पहिल्या पाच मिनिटांत सगळे एकदम बोलत होते. हाका मारल्या, शिट्ट्या फुंकल्या. मऊ मातीची भिंत आवाज गिळते आणि जो उरतो तो भलत्याच बाजूने आल्यासारखा वाटतो. एकदा खालून काहीतरी ऐकू आलं. दोघं म्हणाले पूर्वेकडून, दोघं म्हणाले पश्चिमेकडून. पुतण्या कडेकडेने चालत प्रत्येक ओघळीत डोकावून बघू म्हणाला, तिकडे असंच करतात. मी हो-नाही म्हणेपर्यंत दांडगा पोरगा चार पावलं पुढे गेला आणि त्याचा पाय मांडीपर्यंत जमिनीत गेला. खाली बोगदा होता, वर वीतभर मातीचं छत. खरचटण्यावर निभावलं. कड सोडून वीस पावलं आत या, असं मी ओरडले, आणि त्या दिवशी लीडर म्हणून माझ्या तोंडातून निघालेला तो पहिला स्पष्ट हुकूम.

मग बसून ठरवलं. फोनला वर एक काडी रेंज होती. काकांचा फोन लागत नव्हता. वहिनींचा फोन वाजला, पुतण्याच्या पोटावरच्या सॅकेत. तेव्हा आम्ही सॅक उघडून बघितली. वहिनींचं पाणी, विजेरी, शिट्टी, जाकीट, सगळं आमच्याजवळ होतं. खाली दोघांत मिळून काकांची एक बाटली, तीही अर्ध्यावर. कागदी नकाशा काकांकडे होता, पण भारतीय सर्वेक्षणाच्या पन्नास हजारी (१:५०,०००) नकाशात बीहड म्हणजे तपकिरी केसांचा गुंता. त्यात ओघळ शोधता येत नाही.

सहा जणांनी सहा दिशांना जायचं नाही, हे मला पक्कं माहीत होतं. सगळे शेवटचे एकत्र होतो त्या तिठ्यावर परत जायचं आणि तिथून शोधायचं. दोघांनी जायचं, चौघांनी हलायचं नाही. चित्रकलेच्या बाईंनी निळी ताडपत्री बाभळीला बांधली, शेतातून आणि खालून दिसेल अशी. सहा वाजेपर्यंत आम्ही परतलो नाही तर चौघांनी खाली उतरायचं नाही. दद्दांच्या मुलाला फोन करायचा आणि विजेऱ्या लावून बसायचं.

डॉक्टर म्हणाले, “मी येतो तुमच्याबरोबर.” मी नाही म्हटलं. बायको खाली असलेला माणूस भरभर चालतो आणि जमिनीकडे बघत नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चष्मा पुसत राहिले. मी किरकोळ पोराला घेतलं, कारण सकाळपासून रानडुकराचे, नीलगायीचे ठसे तोच दाखवत होता.

ठसे

तीन पन्नासला आम्ही पहिल्या फाट्यावर होतो. बाण नव्हता. त्या जागी शेळ्यांच्या खुरांची रांगोळी पडली होती. मधल्या वेळात एक कळप डावीकडच्या ओघळीतून खाली येऊन मोठ्या घळीत गेला होता आणि जाताना आमचा बाण पुसून गेला होता.

पोरगा उकिडवा बसला. आमच्या सहा जणांच्या बुटांच्या ठशांवर शेळ्यांचे खूर पडले होते. मग त्याने बोट ठेवलं: कॅनव्हासचा हंटर बूट, तळव्याला चौकोनी नक्षी, उजवा पाय जरा बाहेर वळलेला. काकांचा. आणि तो खुरांच्या वर होता. म्हणजे शेळ्या आमच्यानंतर आणि काका शेळ्यांनंतर. शेजारी वहिनींच्या बुटाचा छोटा ठसा. दोघं डावीकडे गेले होते. तुडवलेली जमीन बघून काकांना ती पायवाट वाटली असणार. (नंतर त्यांनी तेच सांगितलं. “एवढे ठसे, म्हणजे तुम्हीच!”)

डावीकडे गेलो. दुसऱ्या फाट्यावरही ठसे स्वच्छ होते. तिसऱ्यावर जमीन कंकराची, कडक, काहीच उमटलेलं नाही. घड्याळात पावणेपाच. पाचला परत फिरायचं, असं मी निघतानाच ठरवलं होतं. अंधारात दोघांऐवजी चार जण शोधावे लागू नयेत म्हणून. ती पंधरा मिनिटं फार लांब होती. मी दर दोन मिनिटांनी तीन शिट्ट्या मारत होते.

चार त्रेपन्नला उत्तर आलं. टण, टण, टण. मधे थांबून पुन्हा तीनदा.

वहिनी दशम्यांच्या डब्यावर चमच्याने मारत होत्या.

त्यांच्या बाजूने

त्यांची हकिकत नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली. तिसऱ्या फाट्यापुढे ओघळ अरुंद होत गेली आणि एका उभ्या भिंतीपाशी संपली. भिंत दोन पुरुष उंच, पायथ्याशी बोगद्याचं काळं भोक. वर आभाळ दिसत होतं म्हणून काका चढायला लागले. नोकरीत असताना असल्या भिंती त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण चढल्या नव्हत्या. मातीचा ढलपा सुटला आणि ते दीडेक मीटर घसरत खाली आले. घोटा मुरगळला.

वहिनी आयुष्यात काकांना उलटून बोललेल्या नाहीत. तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, आता चढायचं नाही. दद्दा म्हणाले होते, धारेबरोबर उतरायचं.” काका म्हणाले, थोडं थांबू, ते येतीलच. शिट्ट्या त्यांना आधीही ऐकू आल्या होत्या, दोनदा. काका म्हणाले, गुराखी शेळ्या वळवतोय. चार वाजून गेल्यावर वहिनींनी काकांना उठवलं, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि उतरायला सुरुवात केली. पन्नास-साठ पावलं झाली असतील. मग सारख्या तीन-तीन शिट्ट्या ऐकून त्या म्हणाल्या, गुराखी इतकं मोजून नाही वाजवत.

पाच वाजून पाच मिनिटांनी आम्ही समोरासमोर आलो. काकांचं पहिलं वाक्य, “अगं, तुम्ही इकडे कशा?”

त्यांच्या घोट्याला माझी ओढणी आवळून बांधली. तिठ्यापर्यंत उतरणं सोपं गेलं, पुढची चढण नाही. दोन विजेऱ्या, एक काठी आणि पोराचा खांदा. दर दहा पावलांवर थांबत आम्ही सव्वासातला वर आलो. चौघं तिथेच होते, ताडपत्रीखाली, चारही विजेऱ्या घळीकडे रोखून. ठरल्याप्रमाणे सहाला त्यांनी फोन केला होता. डॉक्टरांनी वहिनींकडे पाहिलं आणि विचारलं, “दशमी उरलीय का एखादी?” वहिनी म्हणाल्या, “अर्धी आहे.” एवढंच बोलणं झालं. मग त्यांनी काकांचा पाय मांडीवर घेतला.

साडेसातला दद्दांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. आम्ही जिथे होतो तिथून गाव दोन किलोमीटरसुद्धा नव्हतं. फोनवरच्या उपग्रहचित्रात आमच्या मागे ओघळी दिसत होत्या. प्रत्यक्षात तिथे मोहरीचं शेत होतं. कुणीतरी जेसीबी लावून बीहड सपाट केलेलं, चित्र त्याच्या आधीचं. दुपारभर आम्ही त्या शेताकडे पाठ करून बसलो होतो. काकांना ट्रॉलीत, गवताच्या पेंढ्यांवर बसवलं. त्या रात्री शाळेच्या वऱ्हांड्यात झोपलो आणि तिसरा दिवस रद्द केला. अटेरचा किल्ला दुसऱ्या दिवशी गाडीतून पाहिला. सतराव्या शतकात भदौरिया राजांनी बांधलेला, आता निम्मा पडलेला. काका गाडीतच बसले. ग्वाल्हेरला एक्स-रे काढला, हाड शाबूत. तीन आठवडे क्रेप बँडेज.

कुठे तुटलं

मंडळाच्या बैठकीत पहिला रोख पुतण्यावर होता. अमेरिकेतले बाण इथे चालत नाहीत वगैरे. तो बिचारा मान खाली घालून ऐकत होता. बाण चुकीचा होता हे खरंच, पण फाट्यावर माणूस उभा असता तर बाणाची गरजच नव्हती. मागचा माणूस दिसेपर्यंत फाटा सोडायचा नाही, एवढं साधं आहे ते. आणि ते मला ठाऊक होतं.

मी जास्त विचार केला तो दांडग्या पोराचा. शेवटी चालायला आपण नेहमी पायाने मजबूत माणूस ठेवतो. तो होता. पण त्या जागेला पायांपेक्षा जीभ लागते. वीस वर्षांच्या पोराने अडुसष्ट वर्षांच्या काकांना ‘नाही, तुम्ही उठल्याशिवाय मी हलणार नाही’ असं म्हणायचं, आमच्या मंडळात? त्याला मी काम दिलं होतं, अधिकार दिला नव्हता. शिवाय त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मीच त्याला सोडवलं.

सॅकेचंही तसंच. पुतण्याने केलं ते चांगुलपणाने. पण दुसऱ्याची सॅक घेताना पाणी, विजेरी, शिट्टी आणि जाकीट काढून त्याच्या हातात ठेवायचं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. सुचलं तर इतकंच की डबा तेलकट आहे.

माझी आजी म्हणायची, भीड भिकेची बहीण. हे प्रकरण मी तीनदा लिहून काढलं आणि तिन्ही वेळा नकाशा, ठसे, माती या सगळ्याखाली तीच भीड निघाली. काकांनी काट्यासाठी गट थांबवायचा नाही म्हणून ‘व्हा पुढे’ म्हटलं. पोराने काकांना उलट बोलायचं नाही म्हणून ऐकलं. वहिनींनी एकदाच नको म्हटलं आणि सॅक दिली. डॉक्टर बायकोसाठी मागे थांबले नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. हे त्यांनीच नंतर सांगितलं. मी मात्र भिडेपोटी काही केलं नाही. मला घाई होती आणि सगळ्यांची भीड मला सोयीची पडली.

दहा दिवसांनी आम्ही काकांना बघायला गेलो. पाय स्टुलावर, हातात पोह्यांची बशी. बोलता बोलता ते म्हणाले, “खरं सांगू का? मी म्हटलं व्हा पुढे, पण तुम्ही खरंच जाल असं वाटलं नव्हतं.”

यावर खोलीत कुणीच बोललं नाही. पंगतीत ‘पुरे, पुरे’ म्हणणाऱ्याच्या पानात आम्ही आणखी एक जिलबी टाकतो. पहिल्या नकाराला कुणी खरं मानत नाही. आणि मी घळीत काकांचा पहिलाच शब्द खरा मानला, कारण माझ्या घड्याळाला तो हवा होता. काकूंनी विचारलं, पोहे आणखी देऊ का? डॉक्टर नको म्हणाले. त्यांनी दिले.

त्यानंतर आम्ही दोन गोष्टी बदलल्या. शेवटी आता चित्रकलेच्या बाई चालतात, आणि त्या थांबा म्हणाल्या की मीही थांबते. शिट्टी गळ्यात, सॅकेत नाही.

होळीच्या आधीच्या रविवारी ग्वाल्हेरजवळच्या तिघऱ्याच्या बाजूच्या टेकड्यांत अर्ध्या दिवसाची चाल होती. काका आले, हातात नवी काठी. तासाभराने ते खाली बसले, बूट काढला, तळव्याकडे बघितलं. पुढचे लोक चालत होते. काकांनी शिट्टी तोंडाला लावली आणि एकदाच फुंकली, जरा जास्तच जोरात.

“थांबा रे सगळे.”

सगळे थांबले. काटा निघायला चार मिनिटं लागली.